पाठीवरची खूण

पोळ्याच्या आधीचे पंधरा दिवस माझ्या दुकानात मान वर करायला सवड नसते. पांढरकवड्यात शिवणकाम करायला लागून मला तीस वर्षे होऊन गेली. सुरुवातीला या दिवसांत बंड्या आणि पायजमे शिवायला येत, आता शर्ट-पँट येतात. एक गोष्ट मात्र बदललेली नाही. माप एकाचे असते आणि बिल दुसऱ्याच्या नावावर. शेतमालक आपल्या सालगड्याला घेऊन येतो, कापड निवडतो, "याचं माप घ्या" म्हणतो आणि बाजारातल्या इतर कामांना निघून जातो. गडी खांदे सैल सोडून उभा राहतो. बाही किती हवी, खिसा कुठे हवा असे विचारले, तर बहुतेकांचे उत्तर एकच असते. "कसंबी करा, चालते."

माझे वडीलही सालगडी होते. तेव्हा हे दृश्य मला परके नाही. पण परके नसलेल्या गोष्टीकडे माणूस निरखून पाहत नाही. मी पाहू लागलो ते एका जपानी मासेमाराच्या अंगरख्यामुळे, हे सांगितले तर हसू येईल. नागपूरला सीताबर्डीवर जुन्या पुस्तकांच्या ढिगात कापड रंगवण्याच्या पद्धतींवरचे एक सचित्र पुस्तक मिळाले होते. माझे शालेय शिक्षण दहावीपर्यंतचे. इंग्रजी पुस्तके मी शब्दकोश मांडीवर घेऊन वाचतो, आणि आधी चित्रे पाहतो. त्यात एका पानावर घोट्यापर्यंत पोहोचेल असा निळाभोर अंगरखा पाठ आपल्याकडे करून पसरलेला होता. खालच्या घेरावर लाटा, कासव, उडते क्रौंच पक्षी आणि तांबडा मासा. शिंप्याची नजर आधी शिवणीवर जाते. चित्र शिवणीवरून सलग पुढे गेले होते. म्हणजे कापड रंगवतानाच कुठली पट्टी कुठे जोडली जाणार याचा हिशेब केलेला होता. मग वर पाहिले. दोन खांद्यांच्या मध्ये एक क्रौंच पंख वळवून गोल झाला होता आणि त्याच्यासोबत काही अक्षरे होती. खालच्या टिपेत लिहिले होते की मोठी मासेमारी झाल्यावर मालक हे कापड खलाशांना देत असे आणि पाठीवर त्या मालकाची खूण असे.

ते वाचल्यावर मला माझे वडील आठवले. त्यानंतरची काही वर्षे मी या कपड्याचा आणि त्याच्या निमित्ताने आपल्याकडच्या कपड्यांचा पाठलाग केला. त्यातून जे हाती लागले ते येथे मांडतो.

दहा हजारांचा आनंद

या कपड्याचे नाव ‘माइवाइ’. हा शब्द दोन चिन्हांनी लिहितात. पहिल्याचा अर्थ दहा हजार, दुसऱ्याचा आनंदोत्सव. आपण ‘लाख लाख शुभेच्छा’ म्हणतो, तसाच हा मोजण्यापलीकडचा आकडा. टोकियोच्या पूर्वेला समुद्रात घुसलेले बोसो नावाचे द्वीपकल्प आहे. आज ते चिबा प्रांतात येते. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत ही चाल तेथे रुजलेली दिसते. पुढे ती पॅसिफिक किनाऱ्याने उत्तरेला आओमोरीपर्यंत आणि पश्चिमेला शिझुओकापर्यंत पसरली.

चाल अशी. अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त मासा लागला की त्याला ‘ताइर्यो’ म्हणत. असे झाले की जाळ्याचा किंवा होडीचा मालक खलाशांना मेजवानी देई आणि प्रत्येकाला रंगवलेले कापड वाटी. घरोघर त्याचे अंगरखे शिवले जात. मग नव्या वर्षाच्या दिवसांत, किंवा ठरलेल्या दिवशी, सगळे खलाशी एकसारखे अंगरखे घालून एकत्र देवळात जात आणि समुद्राने दिले त्याबद्दल देवाचे आभार मानत. घेरावरची चित्रे शुभाची असत. दीर्घायुष्याचे क्रौंच आणि कासव, पाइनची झाडे, खजिन्याने भरलेले गलबत, मासेमारांचा देव एबिसु आणि त्याच्या काखेतला तांबडा मासा. ज्या माशाने वर्ष तारले, तोही पुष्कळदा काढलेला असे, मग तो बोनिटो असो की सार्डिन.

हे कापड रंगवण्याची रीत समजून घेण्यासारखी आहे. हाताने बनवलेल्या कागदाचे थर कच्च्या तेंदूसारख्या एका जपानी फळाच्या तुरट रसाने चिकटवून जाड कागद करतात. हा रस कागदाला पाण्यातही टिकू देतो. त्या कागदात धारदार सुरीने नक्षी कोरतात. कोरलेला कागद सुती कापडावर ठेवून त्यावरून चिकट तांदूळ आणि कोंड्याची खळ फिरवतात. खळ जिथे बसते तिथे रंग चढत नाही. राजस्थानात मातीचा ‘दाबू’ लावून कापड छापतात, त्याचेच हे तत्त्व. खळ वाळली की चित्रातले तांबडे, पिवळे, हिरवे भाग कुंचल्याने भरतात. रंग धरून राहावा म्हणून सोयाबीनचा रस वापरतात. भरलेले भाग पुन्हा खळीने झाकतात आणि कापडाला निळीचा रंग देतात. शेवटी धुतले की खळ निघून जाते आणि निळ्या पाण्यातून मासे वर यावेत तसे चित्र वर येते. पाठीवरच्या खुणेचा साचा वेगळा आणि घेराचा वेगळा. घेराचा साचा रंगाऱ्याकडे तयार असे, तो अनेकांना चाले. पाठीचा मात्र मालकागणिक बदलावा लागे.

मासा, कापूस आणि वऱ्हाड

बोसोच्या पूर्व किनाऱ्यावर कुजुकुरी नावाची सुमारे ६० किलोमीटर लांबीची सरळ पुळण आहे. तिथली मुख्य मासेमारी सार्डिनची. मालवण-वेंगुर्ल्याच्या वाचकांना ती डोळ्यांसमोर आणायला वेळ लागणार नाही, कारण ती रापणच होती. होडीने जाळे समुद्रात अर्धगोल टाकायचे आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून माणसांनी ओढायचे. ही कला जपानच्या पश्चिमेकडील की प्रांतातून आलेल्या मासेमारांनी बोसोला आणली असे सांगतात.

एवढी सार्डिन खाणार कोण? बरीचशी खाण्यासाठी नव्हतीच. वाळूवर पसरून ती सुकवत, किंवा उकळून तेल काढून चोथा वाळवत, आणि खत म्हणून विकत. सुकवलेल्या सार्डिनच्या या खताला ‘होशिका’ म्हणत. ते जहाजांनी ओसाकाच्या बाजूला जाई आणि तिथल्या कापसाच्या शेतात पडे. तोकुशिमाकडच्या निळीच्या शेतातही पडे. कापूस आणि नीळ, दोन्ही जमिनीचे सत्त्व ओढून घेणारी पिके. म्हणजे कुजुकुरीच्या खलाशाने ओढलेला मासा शेतात जाऊन कापूस आणि नीळ होत होता आणि तोच कापूस, तीच नीळ माइवाइ होऊन त्याच्या अंगावर परत येत होती.

मी कापसाच्या मुलुखात जन्मलो. सरकी, पऱ्हाटी, बोंड हे शब्द मला अक्षरओळखीच्या आधी आले. त्यामुळे या साखळीने मला धरून ठेवले, आणि तिचे पुढचे टोक चक्क आमच्या अंगणात निघाले.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जपानमध्ये सूतगिरण्या उभ्या राहिल्या. त्यांना देशी कापूस पुरेना आणि परवडेना. १८९३ साली निप्पोन युसेन कैशा या जहाज कंपनीने जमशेटजी टाटांच्या साहाय्याने मुंबई-जपान मार्ग सुरू केला. त्या मार्गाचे मुख्य सामान कापूस होते. १८९६ साली जपानने कच्च्या कापसावरचा आयातकर काढून टाकला आणि तिथली कापसाची शेती थोड्याच वर्षांत जवळजवळ नाहीशी झाली. जपानी व्यापारी कंपन्यांनी मुंबईत कचेऱ्या थाटल्या. वऱ्हाड-खानदेशचा आखूड धाग्याचा कापूस अमरावतीच्या नावावरून जगाच्या बाजारात ‘ऊमरा’ म्हणून ओळखला जाई. जपानी गिरण्या तो अमेरिकी कापसात मिसळून जाड सूत काढत. नंतर मूर्तिजापूर-यवतमाळ ही अरुंद रूळमार्गाची गाडी सुरू झाली, तीही प्रामुख्याने कापसासाठीच. पुढे आपण ज्या गाडीला प्रेमाने ‘शकुंतला’ म्हणू लागलो, तीच ती.

हा व्यवहार किती मोठा होता याचा एकच दाखला पुरे. १९३३ साली जपानी कापडावरचा कर इथल्या सरकारने वाढवला, तेव्हा जपानी गिरण्यांनी उत्तर दिले ते भारतीय कापसावर बहिष्कार घालून. तडजोड झाली ती १९३४ च्या करारात. जपानने वर्षाला १५ लाख गाठी कापूस घ्यायचा आणि त्याच्या बदल्यात ४० कोटी यार्ड कापड भारतात पाठवायची मुभा मिळवायची. कापूस आमचा, कापड त्यांचे, आणि दोन सरकारांनी दोन्हींचा मेळ आकड्यांत बसवलेला.

घेणारा आणि देणारा

आता पाठीवरच्या खुणेकडे येतो.

जाळ्याच्या मालकाला बोसोकडे ‘आमिमोतो’ म्हणत. मोठी रापण लावायची तर होड्या, मैलभर दोर, जाळी आणि शेकडो माणसे लागत. हे भांडवल आमिमोतोचे. माणसे वाट्यावर येत, अडीनडीला त्याच्याकडूनच उचल घेत. अशा मालकाने मोठी मासेमारी झाल्यावर दिलेला अंगरखा ही नुसती मायेची भेट नव्हती, हे उघड आहे. सगळा जथा एकाच खुणेचे अंगरखे घालून गावातून देवळाकडे जातो, तेव्हा देव पाहतो, गाव पाहते, आणि शेजारच्या मालकाची माणसेही पाहतात. यंदा कोणाचे जाळे भरले हे कोणाला विचारावे लागत नाही. पुढच्या हंगामाला कोणाच्या दोराला हात लावायचा, याचाही विचार तिथेच होत असणार.

पण नाण्याला दुसरी बाजूही होती. माइवाइ दरवर्षी मिळत नसे. मासा भरपूर लागला तरच मिळे. त्यामुळे खलाशाच्या पेटीत किती माइवाइ आहेत, यावरून त्याने किती चांगली वर्षे पाहिली हे कळे. तो त्याचा अभिमानाचा ठेवा असे. पाठीवर खूण मालकाची होती, पण घेरावरचा मासा त्याने स्वतः ओढलेला होता. मालकाला मोठी मासेमारी लपवता येत नसे. ती त्याला खलाशाच्या अंगावर घालावीच लागे.

दुसऱ्या महायुद्धानंतर हे सगळे विरत गेले. १९४९ च्या मासेमारी कायद्याने जुन्या मालकांच्या हक्कांची घडी मोडली. यंत्राच्या होड्या आल्या, पगार आणि बोनस रोख मिळू लागला. लांब अंगरख्याच्या जागी आखूड कोट आले, मग जाकिटे आली. आज चिबा प्रांतातल्या कामोगावा येथे ही रंगाई हस्तकला म्हणून जिवंत आहे आणि तातेयामाच्या संग्रहालयात जुने माइवाइ पाहायला मिळतात. मी ते प्रत्यक्ष पाहिलेले नाहीत. माझे जपान पुस्तकांत आणि मोबाइलच्या पडद्यावरच आहे.

कोळीवाड्यातला सुरका

आपल्याकडे समुद्राच्या माणसांचा सणाचा कपडा पाहायचा तर नारळी पौर्णिमेला कोळीवाड्यात जावे. माझा भाचा मुंबईला नोकरीला आहे. त्याच्याकडे मुक्काम करून काही वर्षांपूर्वी मी वरळी कोळीवाड्यातली मिरवणूक पाहिली. आयुष्यात समुद्र मी दुसऱ्यांदाच पाहत होतो.

पुरुषांच्या कमरेला सुरका होता. हा चौकोनी सुती रुमाल. तिरपा दुमडून त्रिकोण करायचा आणि टोक पुढे राहील असा कमरेला बांधायचा. त्याला शिवण नाही, काज नाही, बटण नाही. शिंप्याच्या दृष्टीने हा कपडाच नव्हे, पण गुडघाभर पाण्यात होडी ढकलणाऱ्याला याहून सोयीचे काही नाही. भिजला तरी पायात येत नाही, सोडून पिळला की वाऱ्यावर वाळतो. वर सदरा किंवा कोपरी आणि डोक्यावर तांबडी टोपी. बायकांचे लुगडे गुडघ्यापर्यंत घट्ट कासोट्याचे, खांद्यावरून फडकी, अंबाड्यात वेणी आणि अंगावर सोने. तेही कामातूनच आलेले नेसणे आहे. चिखलातून, ओल्या बंदरावरून टोपली घेऊन चालायचे तर घोळदार साडी चालत नाही. सणाच्या दिवशी कापड नवे आणि रंग भडक असतो, पण नेसण्याची तऱ्हा रोजचीच. जपानी खलाशी देवळात जाताना कामाचा कपडा उतरवून लांब अंगरखा घाली. कोळी कामाच्याच कपड्याला सणाचा करतो.

मिरवणुकीत एका वयस्क नाखवांशी बोलण्याचा योग आला. त्यांना मी जपानची गोष्ट सांगितली आणि विचारले, तुमच्याकडे होडीचा मालक खलाशांना सणाचे कपडे देतो का? त्यांना प्रश्नच आधी नीट कळला नाही. मग म्हणाले, देणारे देत असतील हौसेने, पण सुरका कोणी कोणाला द्यायचा असतो का? ज्याचा त्याने घ्यायचा. त्यांच्या होडीवर पूर्वी मासळीच्या पैशातून खर्च वजा जाता उरलेल्याचे वाटे पडत. होडीचा वाटा, जाळ्यांचा वाटा, तांडेलाचा आणि खलाशांचा वाटा. वाट्यांचे प्रमाण बंदराबंदराला वेगळे, पण तत्त्व एकच. आणि मासळी विकायला घरची बाई बाजारात बसे, त्यामुळे पैसा तिच्या हातून फिरे. चांगले वर्ष गेले की ते तिच्या गळ्यात आणि हातात दिसे. मालकाची खूण मिरवण्याची गरज नव्हती, कारण मासा वाट्यातूनच अंगावर आलेला असे.

परतीच्या गाडीत मला आणखी एक गोष्ट सुचली. नारळी पौर्णिमा पावसाळ्यातली मासेमारी बंदी उठल्यानंतर, हंगामाच्या तोंडावर येते. हल्ली राज्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना समुद्र बंद असतो. नवा कपडा घालून कोळी समुद्राला नारळ देतो तो मागण्यासाठी. सांभाळून ने, सांभाळून आण. माइवाइ येतो तो मासा मिळून गेल्यावर, आभारासाठी. एक कपडा हंगामाच्या अलीकडचा, एक पलीकडचा.

मग पोळ्याचा कपडा कुठला?

श्रावणातले पंधरा दिवस

नारळी पौर्णिमेनंतर बरोबर पंधरा दिवसांनी, श्रावणाच्या अमावास्येला, आमचा पोळा येतो. आदल्या दिवशी बैलांचे खांदे तूप-हळदीने शेकतात आणि त्यांना दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचे आवतण देतात. पोळ्याच्या दिवशी शिंगांना रंग, पाठीवर झूल, कपाळाला बाशिंग, गळ्यात घुंगुरमाळा. तोरणाखाली जोड्या उभ्या राहतात, झडत्या म्हटल्या जातात, तोरण तुटते आणि गडी बैल घेऊन घरोघर फिरतो. घरची बाई बैलाचे पाय धुते, पुरणपोळी भरवते आणि गड्याच्या हातावर बोजारा ठेवते. त्या दिवशी बैलाच्या अंगावर नवी झूल आणि गड्याच्या अंगावर नवे कपडे, दोन्ही मालकाचे.

वडील त्या कपड्यांना फार जपत. "मालकानं देल्लं," असे सांगताना त्यांचा आवाज बदले. लग्नाकार्याला तीच बंडी, तेच धोतर. ते गेल्यावर त्यांच्या पत्र्याच्या पेटीत एका जुन्या सालाची चिठ्ठी सापडली. आमच्याकडे साल गुढीपाडव्याला ठरते आणि पुढच्या पाडव्याला संपते. कुणाकडून तरी लिहून घेतलेल्या त्या चिठ्ठीत नगदी रक्कम होती, महिन्याची ज्वारी होती, चपलेचा एक जोड होता आणि त्याच ओळीत, त्याच शाईत, ‘पोळ्याचे कपडे’ होते. ती भेट नव्हती. ते त्यांच्या मजुरीचेच कलम होते. वर्षभर राबून मिळवलेला कपडा ते जन्मभर दिलेला म्हणून सांगत आले.

ती चिठ्ठी पाहून मला आधी राग आला. मालकाचा आणि वडिलांचाही. माइवाइची माहिती मिळाल्यावर तो राग जरा नेमका झाला.

पोळा कोणत्या वेळी येतो ते पाहा. कापूस तेव्हा शेतात उभा असतो, पात्या-फुलांवर आलेला. बोंड फुटायला अजून अवकाश असतो. पहिल्या वेचणीच्या आधी बायका शेतात सीतादही करतात, मग वेचणी सुरू होते आणि शेवटचा कापूस घरी येऊन उलंगवाडी होते तेव्हा हिवाळा उतरणीला लागलेला असतो. पोळ्याचा कपडा या सगळ्याच्या मध्येच देऊन होतो. तो कोळ्याच्या कपड्यासारखा हंगामाच्या आधीचा नाही आणि माइवाइसारखा नंतरचाही नाही. पीक किती येणार हे कोणालाच ठाऊक नसते तेव्हा तो दिला जातो, म्हणून पीक किती आले याच्याशी त्याचा संबंधच उरत नाही. कापसाने घर भरले त्या वर्षी एक जोड, आणि बोंडअळीने शेत खाल्ले त्या वर्षीही एक जोड. वाईट वर्षी मिळालेल्या त्या जोडाचे मोल मी कमी लेखत नाही. समुद्राने दगा दिलेल्या वर्षी बोसोच्या खलाशाला माइवाइ मिळत नव्हता. आमच्या घरात मात्र कोरड्या सालातही पोळ्याला नवे धोतर आले.

पण चांगले वर्ष? ते वडिलांच्या अंगावर कधीच आले नाही. उलंगवाडीला गड्याला कपडा देण्याची चाल मी तरी आमच्या भागात पाहिली नाही. मालकाकडे भरघोस कापूस आल्याचे कळे ते त्यांच्या घराच्या नव्या मजल्यावरून. बोसोच्या मालकाला त्याची भरलेली जाळी खलाशाच्या पाठीवर लिहावी लागे. आमच्या मालकाला तशी गरज पडली नाही. मी शोधत होतो तो फरक हा होता. अंगावर कोणाची खूण आहे हा प्रश्न खरा आहे, पण त्याहून खरा प्रश्न असा की, आपण पिकवलेले किंवा ओढलेले त्या कपड्यात उतरले आहे की नाही.

आजच्या पाठी

आज कोळीवाड्यातही वाट्याची जागा बऱ्याच ठिकाणी पगाराने घेतली आहे. रत्नागिरीकडच्या बंदरांत नेपाळी खलाशी दिसतात, इतरत्र परप्रांतांतून आलेले. ते हंगामाच्या ठरलेल्या पैशावर येतात, त्यांच्या अंगावर सुरका नसतो आणि नारळी पौर्णिमेच्या मिरवणुकीत ते क्वचितच असतात. त्या दिवशी वरळीत सुरक्याच्या जोडीने मला एकसारखे छापील टी-शर्टही दिसले. पाठीवर नाव मोठ्या अक्षरांत होते आणि ते कोणत्याही नाखवाचे नव्हते. असेच टी-शर्ट आता आमच्याकडे पोळ्यालाही वाटले जातात. निवडणूक जवळ असेल तर जरा जास्तच. पाठ तीच, छापणारे बदलले.

सालगडीही कमी होत चालले आहेत. ट्रॅक्टर आले, बैल विकले गेले, तरणी पोरे हैदराबादच्या रस्त्याला लागली. या पोळ्याला माझ्याकडे गड्यांची मापे आली ती दोन्ही हातांच्या बोटांवर मोजण्याइतकी. त्यातला एक पंचवीस-सव्वीस वर्षांचा होता. मालक नेहमीप्रमाणे माप द्यायला सांगून निघून गेले. मी त्याला विचारले, खिसा एक लावू की दोन? तो जरा थांबला. मग म्हणाला, "दोन लावा काका. आन एक आतून लावा, झाकणाचा."

मी तसा लावला. आतल्या खिशाची शिलाई बिलात धरली नाही. ती माझ्याकडून.